पिग्मीची वही आणि डेटाबेसचे पुस्तक

जून-जुलैत कॉलेजे सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतली मुले-मुली एक प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात : डेटाबेस शिकायचा आहे, कोणते पुस्तक घ्यावे? मी एका सहकारी सोसायटीत नोंदींचे काम पाहते. सभासद, ठेवी आणि कर्जे यांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये राहते त्याची देखभाल माझ्याकडे आहे, आणि विचारणाऱ्यांना एवढी ओळख पुरेशी वाटते. या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकाच्या नावाने देत नाही. तुमच्या घरातली, दुकानातली किंवा संस्थेतली कोणती वही तुम्हाला संगणकावर आणायची आहे, हे मी आधी विचारते. ती वही ठरली की पुस्तक पारखता येते. ती ठरली नसेल तर दुकानात उभे राहून कितीही चाळले तरी फरक कळत नाही, कारण डेटाबेसच्या बहुतेक पुस्तकांची सुरुवातीची पाने एकसारखीच असतात.

आपल्या सीमाभागात या निवडीला थोडी वेगळी अडचण आहे. इथला विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतो, बीसीए किंवा बी.कॉम. इंग्रजीतून करतो आणि नोकरीला लागला की त्याच्यासमोर येणारे सरकारी कागद कन्नडमध्ये असतात. डेटाबेस तळापर्यंत शिकवणारी मराठी पुस्तके फार थोडी असल्यामुळे पुस्तक इंग्रजीच घ्यावे लागते. बेळगावात 1998 पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, त्यामुळे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाची पुस्तके शहरात सहज मिळतात आणि बहुतेक जण तीच उचलतात. कोणी पुण्याला जाणार असेल तर त्याला अप्पा बळवंत चौकातून आणायला सांगितले जाते. परीक्षेसाठी लिहिलेले पुस्तक परीक्षेचे काम चोख करते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला स्वतःच्या हाताने नोंदी उभ्या करायच्या आहेत, त्याच्या गरजा त्या पुस्तकाच्या लेखकासमोर नव्हत्या, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

वही म्हणजे काय, हे सांगायला मी नेहमी पिग्मीची वही घेते, कारण ती इथे सर्वांच्या ओळखीची आहे. रोज थोडी थोडी रक्कम दारावर येऊन गोळा करण्याची ही योजना 1928 साली उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने सुरू केली. हीच बँक पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. आज आपल्याकडच्या लहानमोठ्या सोसायट्यांचा गाडा बराचसा पिग्मीवर चालतो. एजंट संध्याकाळी गणपत गल्लीतून, खडे बाजारातून दुकानादुकानांत फिरतो आणि त्याच्या वहीत प्रत्येक खातेदाराची एक ओळ व महिन्याच्या तारखांचे 31 रकाने असतात. ज्या दिवशी पैसे मिळाले त्या दिवसाच्या चौकटीत रक्कम लिहायची, नाही मिळाले तर चौकट कोरी सोडायची. कागदावर ही आखणी उत्तम आहे, कारण महिनाभराचे चित्र एका नजरेत दिसते.

डेटाबेस नव्याने शिकणारा हीच वही जशीच्या तशी संगणकावर आखतो. खातेदाराचे नाव, मग तारीख 1, तारीख 2 असे 31 स्तंभ. आखणी दिसायला बरोबर असते आणि पहिल्या दिवशी चालतेही. मग प्रश्न सुरू होतात. एखाद्या दुकानदाराने एकाच दिवशी दोनदा पैसे दिले तर दुसरी रक्कम कुठे लिहायची? पुढच्या महिन्यासाठी नवा तक्ता करायचा का, आणि तसे बारा तक्ते झाल्यावर वर्षाची बेरीज कशी काढायची? एजंट मध्येच बदलला तर कोणती रक्कम कोणी आणली, हे कुठे नोंदवायचे? महिन्याच्या शेवटी आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मिळून गेल्या आठ दिवसांत ज्यांनी काहीच भरले नाही त्यांची यादी व्यवस्थापकांनी मागितली, तर ती दोन तक्त्यांतल्या कोणकोणत्या स्तंभांतून काढायची?

उत्तर असे आहे, की खातेदारांचा एक तक्ता करावा, एजंटांचा दुसरा आणि जमा रकमांचा तिसरा. तिसऱ्या तक्त्यातल्या एका ओळीत एकच जमा असावी : कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेला, किती रुपये आणि कोणत्या एजंटाकडून. ज्या दिवशी पैसे मिळाले नाहीत त्या दिवसाची ओळच नसते. एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये काम करत असताना जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून ही विचाराची पद्धत रुजली. माहिती तक्त्यांत मांडावी, प्रत्येक ओळीला तिची ओळख असावी, तक्ते एकमेकांशी त्या ओळखीने जोडले जावेत आणि माहिती मागणाऱ्याने ती डिस्कवर कुठे व कशी ठेवली आहे याची चिंता करू नये, असे त्याचे सार आहे. पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी पिग्मीच्या वहीला अजून यापेक्षा बरी मांडणी सापडलेली नाही.

म्हणून पुस्तक हातात आल्यावर पहिल्यांदा तक्ते आखण्याचे प्रकरण उघडावे. लेखक आधी 31 स्तंभांसारखी सदोष आखणी घेतो का, तिच्यात कोणती नोंद बसत नाही हे दाखवतो का, आणि मग ती सुधारत नेतो का, एवढेच पाहावे. पहिले, दुसरे, तिसरे प्रसामान्य रूप, म्हणजे तक्त्यांतली पुनरावृत्ती काढण्याच्या पायऱ्या, अशा व्याख्या देऊन तयार, निर्दोष तक्ते समोर ठेवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती वाचून व्याख्या पाठ होतात, मात्र स्वतःच्या वहीपुढे बसल्यावर हात चालत नाही.

आपल्या जिल्ह्यात या प्रकरणासाठी आणखी एक उदाहरण आयते मिळाले आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी कर्नाटकातल्या 12 शहरांची इंग्रजीतली अधिकृत नावे बदलली आणि बेळगावचे बेळगावी झाले. ज्या संस्थेने प्रत्येक सभासदाच्या ओळीत शहराचे नाव पुन्हा पुन्हा लिहिले होते, तिला हजारो ओळी बदलाव्या लागणार होत्या, आणि त्यातही कोणी नाव एका पद्धतीने टंकले, कोणी दुसऱ्या. ज्या संस्थेने गावांचा वेगळा तक्ता ठेवून सभासदाच्या ओळीत फक्त गावाचा क्रमांक लिहिला होता, तिला एका ओळीत एक शब्द बदलायचा होता. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, हा नियम कोणत्याही व्याख्येपेक्षा या उदाहरणातून आपल्याकडच्या मुलांना लवकर समजतो.

आता आठ दिवसांत न भरणाऱ्यांच्या यादीकडे पुन्हा वळते, कारण पुस्तकाची खरी परीक्षा तिथे होते. खातेदारांचा तक्ता आणि जमा रकमांचा तक्ता साध्या पद्धतीने जोडला, तर ज्यांनी भरले तेच दिसतात. न भरणाऱ्यांची जमा-ओळच नसल्यामुळे ते जोडणीतून गळतात. त्यासाठी लेफ्ट जॉइन लागतो. त्यात डावीकडच्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी राहतात आणि उजवीकडे जोडीदार नसेल तिथे नल, म्हणजे रिकामी जागा, येते. इथे एक बारकावा आहे. तारखेची अट जोडणीच्या 'ऑन' या भागात, म्हणजे तक्ते कसे जोडायचे हे सांगणाऱ्या भागात, लिहिली, तर न भरणारे यादीत राहतात. तीच अट 'व्हेअर'मध्ये, म्हणजे जोडलेल्या ओळींतून निवड करणाऱ्या भागात, लिहिली, तर रिकाम्या तारखेला ती अट लागू पडत नाही आणि ज्यांच्यासाठी यादी काढायची तेच खातेदार नाहीसे होतात. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, यादी नीट छापली जाते आणि चुकीची असते. हा बारकावा ज्या पुस्तकात उदाहरणासह समजावला आहे, त्याच्या लेखकाने प्रत्यक्ष काम केले आहे, असे मी मानते.

पोस्टग्रेसएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतला शिकवणीचा भाग मला याच कारणासाठी आवडतो. त्यात शहरांचा एक तक्ता आहे आणि हवामानाचा दुसरा. हवामानाच्या तक्त्यात सॅन फ्रान्सिस्को आणि हेवर्ड या दोन शहरांच्या नोंदी आहेत, परंतु शहरांच्या तक्त्यात हेवर्ड मुद्दाम घातलेले नाही. दोन्ही तक्ते जोडल्यावर हेवर्डची नोंद दिसत नाही, लेखक त्या गळतीकडे बोट दाखवतात आणि तिथून बाह्य जोडणी (लेफ्ट जॉइन हा तिचाच प्रकार) शिकवायला घेतात. हा मजकूर विनामूल्य मिळतो आणि छोटा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जागी खानापूर आणि हेवर्डच्या जागी अथणी लिहून तो करून पाहावा. पर्जन्याच्या स्तंभात या दोन तालुक्यांचे आकडे इतके वेगळे येतील, की ओळी ओळखायला नाव वाचावे लागणार नाही.

रिकाम्या जागेचा विषय निघाला आहे तर तो पुरा करते. ओरॅकल हे डेटाबेस सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्या कर्मचाऱ्यांच्या एका नमुना तक्त्यावर शिकल्या. त्यात 14 कर्मचारी आहेत आणि कमिशनचा एक स्तंभ आहे. चौघांच्याच नावापुढे कमिशन लिहिलेले आहे : 300, 500, 1400 आणि 0. उरलेल्या दहा जणांची जागा रिकामी आहे. आता सरासरी कमिशन विचारले, तर संगणक रिकाम्या जागा वगळून 2200 ला 4 ने भागतो आणि 550 असे उत्तर देतो. रिकाम्या जागा शून्य धरायला सांगितल्या, तर 2200 ला 14 ने भागून उत्तर सुमारे 157 येते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि कोणते हवे हे विचारणाऱ्यानेच ठरवायचे आहे. ज्याला शून्य कमिशन मिळाले तो विक्रेता आहे. ज्याची जागा रिकामी आहे त्याला कमिशनचा संबंधच नाही. दूध संकलन केंद्रावर एखाद्याचे दूध परत पाठवल्याने शून्य लिटर नोंदले गेले आणि एखादा त्या दिवशी आलाच नाही, यातला फरक तोच आहे, आणि सरासरी काढताना तो विसरला तर उत्पादकाच्या नावावर खोटा आकडा चढतो. नलवर ज्या पुस्तकात अर्ध्या पानाहून अधिक मजकूर नाही, ते पुस्तक बाजूला ठेवावे.

मागे खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.कॉम. शिकायला येणाऱ्या मुलीबरोबर मी दुकानात गेले होते. तिने एक चांगले जाडजूड, गुळगुळीत मुखपृष्ठाचे पुस्तक उचलले आणि विचारले, "हे घेतलं तर चालतंय का ओ, मॅडम?" मी तिला शेवटची सूची उघडायला लावली. नल कुठे आहे? एकाच पानाचा क्रमांक होता. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पार पडणाऱ्या नोंदींचा गट? तीन पाने, तीही व्याख्येची. रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करणे, हा शब्दच नव्हता. बॅकअप होता, पण एका परिच्छेदात. मग शेजारचे बारीक, साध्या छपाईचे पुस्तक तिने स्वतःहून घेतले आणि तेच शब्द शोधले. नलपुढे सात-आठ क्रमांक होते, वेगवेगळ्या प्रकरणांतले : जोडणीत, बेरजेत, क्रमवारीत, तुलनेत. मला काही सांगावे लागले नाही. ज्या पुस्तकाला सूचीच नाही, त्याची खरेदी मी कोणालाही सुचवत नाही, कारण असे पुस्तक एकदा वाचता येते, कामाच्या वेळी उघडता येत नाही.

त्याच दिवशी तिने इंग्रजीची धास्ती बोलून दाखवली. ती खोटी नाही, तरी तिचा उपाय पुस्तकाच्या निवडीतच आहे. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, हिची मूळ रूपरेषा 1974 साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आखली, तेव्हा प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही ती वापरता यावी, हा त्यांचा हेतू होता. तिच्यात रोज लागणारे इंग्रजी शब्द काही डझन आहेत, त्यापलीकडे नाहीत. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याने असे पुस्तक निवडावे, ज्यात एसक्यूएलमधल्या प्रत्येक प्रश्नाच्या (क्वेरीच्या) आधी मूळ तक्ता आणि प्रश्नाखाली आलेले उत्तर छापलेले आहे. मग वाचताना डोळा तक्त्यावरून प्रश्नावर आणि प्रश्नावरून उत्तरावर जातो, मधली इंग्रजी वाक्ये पडताळ्यासाठी वाचली जातात आणि हळूहळू तीही अंगवळणी पडतात. उत्तर न छापता 'हे चालवून पाहा' एवढेच सांगणारे पुस्तक घरी संगणक नसलेल्या मुलाला उपयोगाचे नाही, आणि आपल्याकडे संध्याकाळी घरी जाऊन फक्त पुस्तकच उघडू शकणारी मुले अजूनही आहेत.

नावांच्या बाबतीत मात्र कोणतेही परदेशी पुस्तक आपल्याला पुरे पडत नाही आणि ती उणीव ओळखूनच ते घ्यावे. त्या पुस्तकांत माणसाला पहिले नाव आणि शेवटचे नाव असे दोन स्तंभ असतात. आपल्या सभासदांच्या यादीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग सांगणारी मराठी घरे आहेत, तशीच आडनावाऐवजी गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावणारी कन्नड घरेही आहेत. त्याच माणसाचे नाव सोसायटीच्या मराठी वहीत देवनागरीत असते, बँकेत इंग्रजीत आणि जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये. कर्नाटकाने 2000 साली सुरू केलेल्या 'भूमी' प्रकल्पात सुमारे 2 कोटी उताऱ्यांचे संगणकीकरण झाले. आपल्या भागातल्या शेतकऱ्याची डेटाबेसशी पहिली गाठ बहुधा तिथेच पडली, तीही त्याच्या न वाचता येणाऱ्या लिपीत. या माणसाची तीन लिप्यांतली तीन नावे तीन माणसे होऊ नयेत, ही काळजी ज्याला घ्यायची आहे, त्याने पुस्तकात युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) आणि क्रमवारी यांवर काय लिहिले आहे ते पाहावे.

एक नाव जवळून पाहू : क्षीरसागर. वाचणाऱ्याला त्यात 5 अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ती 9 चिन्हे आहेत, कारण क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, आणि काने-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीने ठेवले की प्रत्येक चिन्हाला 3 प्रमाणे 27 बाइट, म्हणजे साठवणीची एकके, लागतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लांबी मोजणारे 'लेंग्थ' हे फंक्शन या नावासाठी 27 सांगते आणि पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये त्याच नावाचे फंक्शन 9 सांगते. ज्याने एका सॉफ्टवेअरचे पुस्तक वाचून दुसऱ्यावर काम केले, त्याच्या हिशेबात हा फरक शिरतो. क्रमवारीतही तसेच. चिन्हांच्या क्रमांकांनुसार लावले तर क्षीरसागर हे कोरे यांच्यानंतर आणि खोत यांच्या आधी येतात, आणि काळे हे कासार यांच्या आधी, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे ठेवला आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ हे ह च्या पुढे येतात. पोस्टग्रेसएसक्यूएलच्या 2017 मधल्या 10 व्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषानिहाय क्रम जाणणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाच्या आधारे मराठीची क्रमवारी मागता येते. मतदारयादी छापायची असेल तर ही लहान गोष्ट राहत नाही.

कऱ्हाडकर, गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांची अडचण तर आणखी सूक्ष्म आहे. त्यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो : एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. काउंटरवर सभासद उभा असतो, त्याचे नाव शोधले की 'नोंद नाही' असे उत्तर येते आणि कोणी नवा सभासद क्रमांक उघडून मोकळा होतो. नोंद करतानाच सगळी नावे एका रूपात आणणे, हा यावरचा उपाय आहे. तो मराठी नावांसह सांगणारे इंग्रजी पुस्तक मिळणार नाही, मात्र मजकूर साठवण्याआधी तो एकसारखा करण्याबद्दल एखादे प्रकरण असलेले पुस्तक मिळते आणि तेवढ्याने दिशा कळते.

पुस्तक किती जुने चालेल, याचे उत्तर प्रकरणागणिक वेगळे आहे. तक्ते, किल्ल्या (ओळीची ओळख ठरवणारे स्तंभ), जोडण्या, गट करून बेरजा हा भाग वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातूनही निर्धास्त शिकावा. वाचनालयात असे पुस्तक असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. सॉफ्टवेअरशी बांधलेला भाग मात्र लवकर शिळा होतो, आणि त्यातला काही भाग धोक्याचा होतो. मायएसक्यूएलचे उदाहरण घ्या. 8.0 ही आवृत्ती एप्रिल 2018 मध्ये आली. तिच्याआधी काही वेगळे सांगितले नाही तर तक्ता लॅटिन लिपीसाठी आखला जाई, आणि त्यात मराठी नाव घातले की प्रश्नचिन्हे उमटत किंवा नोंद नाकारली जाई. रक्कम शून्यापेक्षा मोठीच असावी अशी 'चेक'ची अट जुन्या आवृत्त्या मुकाट्याने वाचत आणि सोडून देत. ती खरोखर पाळली जाऊ लागली 2019 मधल्या 8.0.16 पासून. जुन्या पुस्तकात ही अट छापलेली असते, विद्यार्थी ती लिहितो आणि जुन्या आवृत्तीवर उणे रक्कम बिनदिक्कत आत जाते. संकेतस्थळे बनवण्याच्या पीएचपी या भाषेबरोबर डेटाबेस शिकवणारी जुनी पुस्तके ज्या मायएसक्यूएल फंक्शन्सवर उभी आहेत, ती 2015 च्या अखेरीस आलेल्या पीएचपी 7 मधून काढूनच टाकली गेली. त्यांतल्या अनेक पुस्तकांत वापरणाऱ्याने भरलेला मजकूर सरळ प्रश्नात चिकटवायला शिकवतात, म्हणजे कोणीही परक्याने आपल्या तक्त्यांवर हात मारावा अशी वाट करून देतात. असे पुस्तक फुकट मिळाले तरी घेऊ नये.

कोणते सॉफ्टवेअर, यावर मी फार वेळ घालवत नाही. शिकायला पोस्टग्रेसएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल घ्यावे, एकट्याच्या छोट्या कामाला एसक्यूलाइट पुरते, आणि नोकरी ओरॅकलवर असेल तर ओरॅकलचे पुस्तक घ्यावे. मुखपृष्ठावर सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती नसलेले पुस्तक मात्र तपासून घ्यावे.

शेवटचा निकष आपल्या पावसाने आणि विजेने ठरवलेला आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. एका खात्यातून पाच हजार वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी संगणक बंद पडला, तर ते पैसे कुठे गेले? ट्रान्झॅक्शनचे उत्तर स्पष्ट आहे : दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही. मायएसक्यूएलमध्ये ही सोय देणारे इनोडीबी हे साठवणयंत्र 2010 मधल्या 5.5 आवृत्तीपासून आपोआप वापरले जाते. त्याआधीच्या मायआयसॅममध्ये ती सोयच नव्हती, आणि काही पुस्तके अजून त्याच्यावरच शिकवतात. चांगले पुस्तक नोंद बदलण्याची आज्ञा शिकवण्याआधी किंवा निदान तिच्याबरोबरच रोलबॅक, म्हणजे केलेला बदल मागे घेणे, शिकवते. नोंदी पुसण्याच्या आज्ञेत 'व्हेअर' राहून गेला तर सगळा तक्ता रिकामा होतो, हे ते आधी दाखवते आणि मग तो तक्ता परत आणूनही दाखवते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठच्या गावांत पाणी शिरले, तेव्हा कागदाच्या वह्या आणि टेबलाखालचे संगणक एकाच चिखलात गेले. बॅकअप दुसऱ्या गावी ठेवावा हे त्यानंतर कोणाला सांगावे लागत नाही. पण बॅकअपची फाइल घेऊन कोऱ्या संगणकावर सगळा डेटाबेस पुन्हा उभा करणे, उभा राहिल्यावर सभासदांची संख्या आणि ठेवींची बेरीज जुळते का ते पाहणे, हे काम पुस्तकात पायरी-पायरीने दिलेले असावे आणि वाचकाने ते पुस्तक संपण्याआधी एकदा करून पाहिलेले असावे. या भागाला शेवटची दोन पाने देणाऱ्या लेखकाचे पुस्तक आपल्या जिल्ह्यात अपुरे आहे.

असे एक बारीक पुस्तक आणि त्याच्या जोडीला अधिकृत माहितीपुस्तिका, एवढ्यावर वर्ष-दीड वर्ष निभते. दुसऱ्या पुस्तकाची गरज पडते ती नोंदी लाखांत गेल्यावर, जेव्हा काल क्षणात येणारी यादी आज चहा होईपर्यंत येत नाही. तेव्हाचा निकष एकच आहे : इंडेक्सच्या, म्हणजे ओळी लवकर शोधून देणाऱ्या सूचीच्या, प्रकरणात लेखक 'एक्सप्लेन'चे, म्हणजे यादी कशी शोधली जाते हे सांगणाऱ्या आज्ञेचे, उत्तर ओळीओळीने वाचून दाखवतो का, आणि इंडेक्स घालण्याआधीचे व नंतरचे अशी दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापतो का, ते पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.